शेवटचे बावीस काप

१

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर रजेवर होते. परतले त्या सोमवारी सकाळी टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. खाली माझं नाव, हुद्दा, तारीख सगळं तयार. फक्त सही बाकी. कागदात दोनच वाक्यं होती. सीटी स्कॅनमध्ये काहीही गंभीर आढळलं नव्हतं, आणि मनाई असताना परिचारिकेने तोंडाने दूध दिल्यामुळे रुग्णाचा मृत्यू ओढवला असावा.

मी या हॉस्पिटलच्या क्ष-किरण विभागाची प्रमुख. माणसाच्या आत काय चाललंय ते चित्रांवरून सांगणं हा माझा धंदा. कोणी कोणाला दूध पाजलं, हे मला आजवर एकाही चित्रात दिसलेलं नाही. मी तो कागद घेऊन तशीच अधीक्षकांच्या खोलीत गेले. वाटेत दोघे जण बाजूला सरकले. पाठीमागे मला जमदग्नी म्हणतात, हे मला ठाऊक आहे. बाईमाणसाला जमदग्नी का, असं एकदा विचारलं होतं, तर सगळे एकदम फाइली शोधायला लागले.

अधीक्षकांनी शांतपणे समजावलं. ते नेहमीच शांत असतात. दुसऱ्याच्या मानेवर सुरी ठेवताना आवाज चढवायची गरज नसते. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, वजन छत्तीस किलो. पोटदुखी आणि उलट्या, चार महिन्यांत तिसऱ्यांदा. गेल्या सोमवारी दुपारी चार वाजता स्कॅन झालं, रिपोर्ट साफ आला. बुधवारी दुपारी वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांनी तिला दोन चमचे दूध दिलं. गुरुवारी सकाळी ती गेली. शवविच्छेदन झालं नाही. आता तिची लेक जाब विचारते आहे, आणि आज पाच वाजता चौकशी समिती बसणार. सिस्टरांना बडतर्फ केलं की प्रकरण मिटलं.

"तेहतीस वर्षं नोकरी झाली तिची," मी म्हटलं.

"म्हणूनच. नियम तिला माहीत असायला हवेत. पाचच्या आत सही पाठवा."

याला आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. पण चोर कोण, हे दाखवल्याशिवाय नुसती म्हण ऐकवून काय उपयोग? मी खाली येऊन ते स्कॅन उघडलं. पावाच्या स्लाइस कराव्यात तसे शरीराचे आडवे काप दिसतात, छातीच्या खालून सुरू होऊन खाली खाली. लहान आतडं फुगलेलं होतं. जरा जास्तच. फुगलेला एक वेढा उजव्या बाजूने खाली उतरत होता. मी त्याचा माग काढत एकेक काप खाली गेले. सत्तराव्या कापात तो खुब्याच्या सांध्याच्या जरा वर होता. एकाहत्तरावा काप नव्हताच.

मी रिपोर्ट पुन्हा वाचला. 'दोन्ही जांघांत व त्याखाली हर्निया नाही.' जी जागा या स्कॅनमध्ये नव्हतीच, तिथे काही नाही असं रिपोर्ट छातीठोकपणे सांगत होता.

२

रिपोर्ट लिहिला होता माझ्या हाताखालच्या धाकट्या डॉक्टरने. मी त्याला बोलावलं आणि एकच विचारलं. हे वाक्य लिहिलंस, ते कुठल्या कापात पाहून लिहिलंस?

त्याने स्क्रीनवर तो रिपोर्ट उघडला. मग म्हणाला की ते वाक्य त्याने लिहिलेलं नाही. पोटाच्या स्कॅनचा तयार मजकूर कॉम्प्युटरवर असतो. जे बदलायचं ते बदलायचं, बाकी तसंच राहतं.

"म्हणजे न पाहता सही केलीस."

"मॅडम, त्या दिवशी एकेचाळीस स्कॅन होती. आणि तो मजकूर तर विभागाचाच..." एवढं बोलून तो गप्प बसला. मला वाटलं, घाबरला. तळपायाची आग मस्तकात गेली होती, त्यामुळे त्याने वाक्य अर्ध्यावर का सोडलं हे विचारायचं राहून गेलं.

मग मी त्याला धडा शिकवायला बसले. कमरेच्या हाडाला खाली दोन्ही बाजूंना एकेक झरोका असतो. त्यातून एक नस मांडीत उतरते. अंगात चरबी असते तोवर तो झरोका बुजलेला राहतो. बाई म्हातारी झाली, वाळली, की चरबी झडते, आणि आतड्याचा एखादा वेढा त्या झरोक्यात शिरतो. बाहेर गाठ येत नाही, हाताला काही लागत नाही. शिरतो, अडकतो, कधी आपणहून सुटतो, म्हणून दुखणं येतं आणि जातं. एक दिवस सुटत नाही, आणि अडकलेलं आतडं कुजतं. तो फक्त स्कॅनमध्येच दिसतो, आणि तोही मांडीच्या सुरुवातीपर्यंत पाहिलं तरच.

"मी पहिल्या वीस वर्षांत असे नऊ हर्निया पाहिले," मी त्याला ऐकवलं, "आणि गेल्या अकरा वर्षांत एकही नाही. इतका दुर्मिळ. म्हणून तर डोळ्यांत तेल घालून बघायचं असतं."

त्याने मान हलवली. मीही स्वतःवर खूश होऊन उठले. आज ते आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

स्कॅन काढलं होतं मामांनी. आमचे टेक्निशियन, सगळ्या हॉस्पिटलचे मामा. अर्ध्यावर स्कॅन का थांबवलंत, असं विचारताच त्यांचा चेहरा पडला. आयुष्यात आपण पोटाचं स्कॅन मांडीच्या आधी थांबवलेलं नाही, आपल्या गुरूने तसंच शिकवलंय, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. शपथ मी मानत नाही. तेव्हा त्यांनी मशीनची नोंद काढून दाखवली. किरण किती लांबीवर पडले, ते मशीन स्वतः लिहून ठेवतं. शेहेचाळीस सेंटिमीटर. अर्ध्या सेंटिमीटरचा एक काप, म्हणजे ब्याण्णव काप. सर्व्हरवर, म्हणजे आम्ही डॉक्टर जिथून चित्रं बघतो तिथे, होते सत्तर.

बावीस काप घेतले गेले होते आणि आता नव्हते.

"बाई गेल्यावर इथे कोण आलं होतं?" मी विचारलं.

मामा चुळबुळले. मोठ्यांच्या भांडणात पडायची त्यांची पद्धत नाही. शेवटी हळूच म्हणाले, "सर्जन साहेब. शुक्रवारी पंधरा मिनिटं या स्क्रीनसमोर बसले होते. मला म्हणाले, दार लावून घ्या."

३

सर्जनची आणि माझी जुनी ओळख. चांगला हात, आणि त्याहून चांगली जीभ. मी आत गेले तेव्हा तो चहा पीत होता. मी बसले नाही. शुक्रवारी माझ्या विभागात दार लावून काय पुसलंस, असं थेट विचारलं.

तो चिडेल असं वाटलं होतं. त्याने कप खाली ठेवला.

"पुसायला नाही, पाहायला आलो होतो. बाई गेल्यापासून चैन नाही मला. पोट फुगलं होतं, उलट्या होत्या, म्हणजे आतडं कुठेतरी अडलं होतं. पण रिपोर्ट म्हणाला हर्निया नाही, म्हणून मी बद्धकोष्ठ समजून थांबलो. पुन्हा सगळी चित्रं पाहिली. काही सापडलं नाही."

"शेवटचे बावीस काप पाहिलेस?"

"बावीस? कोणते बावीस?"

माणूस खोटं बोलतो तेव्हा उत्तर देतो. हा प्रश्न विचारत होता. चित्र खाली कुठे संपतंय हे पंधरा मिनिटं बघूनही याच्या लक्षात आलं नव्हतं. सर्जनला आतडं दिसतं, काठ दिसत नाही.

मी स्कॅनचा फॉर्म त्याच्यापुढे टाकला. आमच्या फॉर्मवर दोन चौकोन असतात, एक पोटाचा आणि एक ओटीपोटाचा. त्याने फक्त पहिल्यावर खूण केली होती. का, तर म्हाताऱ्या माणसाला उलट्या होत असल्या की सगळे तेवढीच करतात. गर्भाशय, मूत्राशय असलं काही असेल तर दुसरी. आणि बाई आणखी कुठे दुखतंय म्हणत होती का, यावर त्याने खिडकीकडे पाहिलं. सिस्टर काहीतरी म्हणाल्या होत्या खरं. पायाचं. त्याने सांगितलं होतं, हाडांचं नंतर बघू.

पेशंट सांगते एक, हा लिहितो दुसरं, तो धाकटा तिसऱ्यावरच सही करतो, आणि फासावर जाते ती दोन चमचे दूध देणारी. माझा आवाज चढला. बाहेरच्या बाकावरचे दोन पेशंट उठून लांब जाऊन बसले.

पण चोर तो नव्हता. दाराशी पोहोचले तेव्हा त्याने मागून विचारलं, "ती पाय सरळ करू देत नव्हती. त्याचा काही संबंध आहे का?"

तोवर मी जिना उतरायला लागले होते.

४

मोठ्या सिस्टर कपडे बदलायच्या खोलीत आपलं कपाट रिकामं करत होत्या. निर्णय पाचला होणार होता, पण त्यांना तो सकाळीच कळला होता. पाण्याची बाटली, जास्तीच्या चपला, एक कंगवा. तेहतीस वर्षांचं सामान एका पिशवीत मावलं होतं. त्यांच्यासमोर स्टुलावर एक पन्नाशीची बाई बसली होती. ती गेलेल्या आजींची लेक. आईचा चष्मा वॉर्डात राहिला म्हणून आली होती, आणि जिने आईला मारलं असं तिला सांगण्यात आलं होतं तिच्याकडे एकटक बघत होती.

मी सिस्टरांना विचारलं, पायाचं काय सांगितलं होतंत?

"तीनदा सांगितलं," त्या म्हणाल्या. "उजवा पाय सरळ केला की ओरडायच्या. मांडीच्या आतून गुडघ्यापर्यंत कळ. वाकवला की बरं वाटायचं, म्हणून मी गुडघ्याखाली उशी ठेवली. वॉर्डाच्या वहीत लिहिलंय. माझी वही कोण वाचतं?"

दुधाचंही त्यांनी सांगितलं. बुधवारी दुपारी कळ थोडी थांबली होती. आजींनीच मागितलं. तोंडाने काही देऊ नये, ही सूचना फाइलीत संध्याकाळी लिहिली गेली. वेळ नोंदलेली होती, मी ती नंतर डोळ्यांनी पाहिली.

मग ती लेक प्रथमच बोलली. चार महिने आईच्या गुडघ्यासाठी तिने काय नाही केलं? मालिश, पट्टे, दोनदा एक्स-रे. गुडघ्यात काहीच निघालं नाही. आणि गंमत अशी, की पोट दुखायचं थांबलं की गुडघाही थांबायचा.

"मी तिच्यावर ओरडले," ती म्हणाली. "म्हटलं, आई, एकदा काय ते ठरव. पोट दुखतंय की पाय? रोज नवं नाटक नको."

मी तिथेच एका बाकावर टेकले. त्या झरोक्यातून जी नस जाते, ती मांडीच्या आतल्या अंगाने गुडघ्याकडे उतरते. आतडं झरोक्यात अडकलं की नस दाबली जाते, आणि गुडघा ठणकतो. आतडं सुटलं की गुडघा शांत. पाय वाकवला की दाब कमी, सरळ केला की जीव जातो. ती बाई चार महिने दोन दुखणी सांगत नव्हती. एकच सांगत होती, आणि दोन्ही टोकांनी सांगत होती.

मला उत्तर मिळालं होतं, पण पुराव्याशिवाय समितीपुढे ते उत्तर म्हणजे म्हातारीची गोष्ट. पुरावा त्या बावीस कापांत होता, आणि ते काप गायब आहेत, हे मी सिस्टरांना सांगितलं.

"मशीनमधून गेलं की सगळं कायमचं जातं का हो?" सिस्टरांनी विचारलं. साधाच प्रश्न. उत्तर मला पाठ होतं, फक्त चोर शोधायच्या नादात मी ते विसरले होते. सर्व्हरवर काहीही जावो न जावो, मूळ नोंद मशीनच्या स्वतःच्या पोटात सात दिवस राहते. मग जुनी आपोआप पुसली जाते.

स्कॅन गेल्या सोमवारी चार वाजता झालं होतं. आज सोमवार होता. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते.

५

या वयात, नव्या डोळ्याने, मी दोन मजले पळत उतरले. मामांनी स्कॅनसाठी आलेल्या माणसाला टेबलावरून उठवून बाहेर बसवलं. मूळ नोंद यादीत सगळ्यात खाली होती. त्यांनी ती कुलूपबंद केली, म्हणजे मशीन आता पुसू शकणार नव्हतं. चार वाजायला सहा मिनिटं होती. मग त्यांनी ब्याण्णवच्या ब्याण्णव काप नव्याने मांडले.

एकाहत्तर, बहात्तर, त्र्याहत्तर. फुगलेला वेढा खाली उतरत राहिला. एक्क्याऐंशीव्या कापात तो उजव्या झरोक्यातून बाहेर आला होता. मांडीच्या दोन स्नायूंच्या मध्ये, अंगठ्याएवढा. डाव्या बाजूला त्या जागी काहीच नव्हतं. नुसतं शेजारी शेजारी पाहिलं तरी कळावं इतकं उघड होतं. सोमवारी दिसलं असतं, तर सोमवारीच ऑपरेशन झालं असतं. मला इतका राग आला की मी टेबलावर मूठ आपटली, आणि मामांनी कीबोर्ड उचलून बाजूला घेतला.

"आता मला तो चोर पाहिजे," मी म्हटलं. "हे काप सर्व्हरवर जाऊ दिले नाहीत कोणी?"

मामा म्हणाले की हाताने कोणी अडवले असते तर मशीनने नोंद ठेवली असती. तशी नोंद नाही. म्हणजे नियमच असेल. पाठवण्याचे नियम कोणी कधी उघडून बघत नाही, पण बघायला हरकत नाही. त्यांनी तीन-चार खिडक्या उघडल्या आणि ते थांबले.

नियम होता. फॉर्मवर फक्त पोटाची खूण असेल, तर खुब्याच्या सांध्यापासून खालचे काप सर्व्हरवर पाठवू नयेत. कारण: जागेची बचत, खाली फक्त हाडं व स्नायू. तारीख अकरा वर्षांपूर्वीची. त्यापुढे मंजुरी देणाऱ्याचं नाव.

मामा स्क्रीनकडे न बघता जमिनीकडे बघत होते. त्यांना ते नाव वाचायची गरज नव्हती, आणि मला वाचून दाखवायची हिंमत नव्हती.

नाव माझं होतं.

६

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सकाळपासून मी धाकट्यावर ओरडले, सर्जनवर ओरडले, आणि तो नियम माझ्याच अंगणात अकरा वर्षं बसून होता. मग सगळं आठवलं. सर्व्हर भरला होता, नवा मिळत नव्हता. अडगळ काढून टाकायची मला भारी हौस. दहा मिनिटांची बैठक, चहा, एक सही. तयार मजकूरही माझाच, त्याच्याही आधीचा. तेव्हा मांडीपर्यंतचे काप यायचे, म्हणून ते वाक्य खरं होतं. काप थांबले, वाक्य तसंच राहिलं. धाकटा मघाशी नेमकं तेच सांगायला धजला नव्हता.

आणि ते नऊ. पहिल्या वीस वर्षांत नऊ, नंतरच्या अकरात शून्य. मी त्याला दुर्मिळ म्हणत होते, विद्यार्थ्यांना अभिमानाने सांगत होते. रोग कमी झाला नव्हता. मी बघायचं बंद केलं होतं. त्या अकरा वर्षांत अशा किती जणी गुडघ्याला मालिश करत गेल्या, ते मोजायला आता काप उरलेले नाहीत.

पाच वाजता मी समितीपुढे दोन पानं ठेवली. हर्निया, नियम, तयार मजकूर, वॉर्डाच्या वहीचं पान, सूचनेची वेळ. अधीक्षकांनी वाचलं आणि इतरांना बाहेर पाठवलं. सिस्टरवरचा ठपका काढू, म्हणाले, पण नाव कशाला? व्यवस्थेतली त्रुटी असं लिहा. तुमच्या निवृत्तीला सात महिने राहिलेत.

"व्यवस्था कुठे राहते साहेब? पत्ता द्या, नोटीस पाठवू," मी म्हटलं. "तिला नाव नसतं म्हणून तर सिस्टरचं नाव घालत होतात. इथे माझं लिहिलंय. ते राहील."

लेकीला मीच सांगितलं. सगळं, माझ्या सहीसकट. शिव्या खायची तयारी ठेवली होती. तिने आईचा चष्मा पिशवीतून काढला, पुन्हा आत ठेवला.

"म्हणजे आई नाटक करत नव्हती," एवढंच म्हणाली. त्यापेक्षा तिने माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मी खाली आले तेव्हा मामा घरी गेले नव्हते. त्यांनी मशीनमध्ये उरलेल्या सात दिवसांतून सत्तरीच्या पुढच्या पेशंटांची, फक्त पोटाची खूण असलेली स्कॅन काढून ठेवली होती. एकोणीस होती. मोठ्या सिस्टर येऊन शेजारच्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी माझे आभार मानले नाहीत, आणि मानायचं काही कारणही नव्हतं.

अकरा साफ होती. बाराव्या स्कॅनमध्ये, चौऱ्याऐंशीव्या कापात, डाव्या मांडीच्या मोठ्या शिरेला खेटून आतड्याचा एक वेढा बसला होता. झरोका वेगळा, हर्निया वेगळा, पण राहायला होता तो माझ्याच कापून टाकलेल्या जागेत. वय एकोणऐंशी. बुधवारी स्कॅन, रिपोर्ट साफ, गुरुवारी घरी.

मी फोन लावला. मुलाने उचलला. आई बरी आहे, म्हणाला, गॅसच होता तो. जेवत नाही फारशी. उलटी? हो, आज सकाळपासून दोनदा झाली. आणखी काही दुखतं का, मी विचारलं.

"जांघेत दुखतं म्हणते. पण ते काय, वयच झालंय आता."

"वय झालं म्हणून दुखत नाही," मी म्हटलं. माझा आवाज कसा लागला असेल कोण जाणे, कारण पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "आत्ता, आहे तशी घेऊन या. वाटेत काही खायला-प्यायला देऊ नका. मी दारात उभी आहे."

सिस्टर तोवर उठल्या होत्या, खाट करायला आणि सर्जनला बोलवायला. मामांनी तो नियम काढून टाकला आणि मशीन तापवायला घेतलं. मी कोरा फॉर्म ओढला. पोटावर खूण केली. ओटीपोटावर खूण केली. आणि खाली, कागद फाटेल इतकं पेन दाबून, लिहिलं: मांडीपर्यंत. बाई सांगते तिथपर्यंत.